‘घरबसल्या आकडे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोल्हापूर-नांदेड विमान अंतरावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, “सरळ रेषेत ४२५ किलोमीटर, एटीआरचा वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणजे ५० मिनिटं. सव्वा तास कुठून आणलात? घरबसल्या आकडे टाकायचे, विमानतळाचं तोंड तरी पाहिलंय का?”

शेवटच्या वाक्याचं आधी बोलू. मी नौपाड्यात राहतो आणि उमेदीची वर्षं सांताक्रूझ विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमानाच्या जमिनीवरच्या कामांत काढली आहेत. पहाटेच्या पाळीला ठाण्याहून पहिली लोकल, दादरला बदल, असा तो दिनक्रम होता. एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान. त्यात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाचा मोठा कप्पा पुढे, कॉकपिटच्या पाठीशी असतो. त्या कप्प्यात कंबरेत वाकून मी बॅगा रचल्या आहेत, भर पावसात. वजनाचा कागद जुळेपर्यंत विमान जागचं हलत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तोंड पाहिलंय का, हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारायची ही रीत नाही. आपण तर नावही लिहिलेलं नाहीत.

‘सव्वा तास’च्या आधी ‘साधारण’ हवं होतं, हे मान्य. तेवढा शब्द जोडला आहे.

पण ५० मिनिटं हा निव्वळ भागाकार झाला. वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम, चाकाखालचे चॉक्स, म्हणजे अडवणीचे ठोकळे, निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा. तो ताशी ५०० चा वेग ठरलेल्या उंचीवर पोचल्यावर मिळतो. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो, आणि इतक्या आखूड पल्ल्यात चढ-उतारातच वाटेचा मोठा भाग सरतो. शिवाय अनेक छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवर ये-जा करायचा रस्ता, नसतो. विमान उतरतं, टोकाशी वळतं आणि त्याच धावपट्टीवरून मागे येतं. याला बॅकट्रॅक म्हणतात, आणि सुटतानाही बऱ्याचदा तेच करावं लागतं. वारा फिरला तर वळसा घालून दुसऱ्या टोकाने उतरायचं. त्यात ४२५ हे जमिनीवर ताणलेल्या दोरीचं अंतर. विमान ठरवून दिलेल्या मार्गाने जातं, म्हणजे थोडं जास्तच. खोपट डेपोतून सुटलेली एसटी कधी पोचणार, हे कोणी तिच्या हायवेवरच्या वेगाने सांगत नाही.

तिकिटाचे दर, सोलापूर-लातूरमार्गे रात्रीची गाडी बरी की वाईट, नकाशा पुसट का, हे बाकीचे मुद्दे या लेखाचा विषयच नाहीत. त्यात मी पडत नाही.

आपली प्रतिक्रिया काढणार नाही, आहे तशी ठेवतो. ५० मिनिटांचा ब्लॉक टाइम छापलेलं एटीआरचं याच अंतराचं वेळापत्रक आपल्याकडे असेल तर इथे टाका, मी लेखात बदल करेन. मात्र नाव लिहून या, आणि भाषा जरा सांभाळून.