नोकिया 'बदलली नाही म्हणून संपली', हे खरं नाहीये

दर काही महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. मजकूर साधारण असा: मायक्रोसॉफ्टला कंपनी विकताना नोकियाचा सीईओ पत्रकार परिषदेत म्हणाला, आम्ही काहीच चूक केली नाही तरी कसे कोण जाणे हरलो, आणि मग तो आणि बाकीचे मोठे अधिकारी रडायला लागले. पुढे लिहिलेलं असतं की जग फास्ट बदललं, नोकियाने शिकणं सोडलं, बदलायला नकार दिला, आयफोन आल्यावर झोपून राहिली, अँड्रॉइडला हातच लावला नाही आणि संपली. आणि शेवटी आपल्याला तंबी, की तुम्हीही बदला नाहीतर बाहेर.

मला हा मेसेज बघवत नाही, कारण त्यातलं जवळपास काहीच बरोबर नाहीये आणि तो फिरतो कुठे तर ज्यांना आधीच नोकरीची धास्ती आहे अशा लोकांमध्ये. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ते रडणं आधी. विक्रीची घोषणा झाली ३ सप्टेंबर २०१३ ला, फिनलंडमधल्या एस्पूमध्ये. स्टीफन एलॉप सीईओ होते, त्याच दिवशी ते पदावरून बाजूला झाले आणि चेअरमन रिस्टो सिलास्मा यांनी तात्पुरता कारभार हातात घेतला. त्या दिवसाच्या बातम्यांमध्ये हे वाक्य कुठेच नाहीये. आणि एलॉप असं म्हणतील तरी कसे, फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी स्वतःच सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं होतं, समुद्रातल्या पेटलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट सांगून, की आपली अवस्था तशी झालीये आणि त्या आगीत तेल आपणच ओतलंय. ज्याने चुका इतक्या उघड मान्य केल्या त्याच्याच तोंडी 'आमची काहीच चूक नाही' घालायचं हे बरोबर नाही.

आता 'बदलली नाही'. अहो ही कंपनी १८६५ मध्ये कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली, टँपेरे गावात, फ्रेडरिक इडेस्टाम नावाच्या खाण इंजिनियरने काढलेली. दुसरी गिरणी नोकिया गावाजवळ नदीकाठी, नाव तिथून आलं (कित्येक जण अजूनही ती जपानी समजतात, तर ती शंभर टक्के फिनिश). १९६७ मध्ये कागद, रबर आणि केबल अशा तीन कंपन्या एकत्र झाल्या, त्यामुळे या नावाने गमबूट विकले गेले, टायर विकले गेले, टॉयलेट पेपर, पुढे टीव्ही आणि कॉम्प्युटरसुद्धा. १९९२ मध्ये योर्मा ओलिला सीईओ झाले आणि त्यांनी ठरवलं की आता फक्त टेलिकॉम, मग केबल, टीव्ही हे सगळं एकेक करून विकून टाकलं, चालू धंदे बरं का. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जुलै १९९१ ला, फिनलंडच्या माजी पंतप्रधानांनी जगातला पहिला जीएसएम (डिजिटल मोबाईलची पद्धत) कॉल केला तो नोकियाने उभारलेल्या नेटवर्कवर. १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकून कंपनी मोबाईल विकण्यात जगात एक नंबर. दीडशे वर्षांत इतक्या वेळा कात टाकलेली दुसरी कंपनी चटकन सांगता येणार नाही, आणि नेमकं तिलाच 'न बदलण्याचं' उदाहरण केलंय.

फोनच्या बाबतीतही तेच. कीबोर्डवाला कम्युनिकेटर १९९६ चा आहे, ईमेल, फॅक्स, इंटरनेट सगळं त्यात. २००२ मध्ये कॅमेऱ्यावाला ७६५०. टचस्क्रीनचा इंटरनेट टॅबलेट, तोही लिनक्सवर चालणारा, २००५ मध्ये, म्हणजे आयफोनच्या दोन वर्षं आधी. आणि दुसऱ्या टोकाला ११००, २००३ चा, धूळ जाऊ नये असा कीपॅड आणि वर टॉर्च, आपल्यासारख्या देशांचा विचार करून बनवलेला. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांत त्या टॉर्चचा किती उपयोग झाला हे वेगळं सांगायला नको. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला तो. गिऱ्हाईकाला काय हवंय हे ज्यांना कळत नव्हतं त्यांच्या हातून असा फोन होत नाही.

'आयफोन आला आणि नोकिया संपली' हे आकड्यांत बसत नाही. आयफोन जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये. त्या वर्षी नोकियाने सुमारे ४३.७ कोटी फोन विकले आणि २०१० मध्ये सुमारे ४५.३ कोटी, म्हणजे तीन वर्षांनी विक्री वाढलेलीच होती. हो, महाग फोनांमध्ये हिस्सा घसरत होता आणि नफा कमी होत होता, ते नाकारत नाही. पण खरा कडेलोट झाला ११ फेब्रुवारी २०११ नंतर. त्या दिवशी कंपनीने जाहीर केलं की यापुढे आपली मुख्य सिस्टीम मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन, आणि तोवर नोकियाचे स्मार्टफोन ज्यावर चालायचे ती सिम्बियन सिस्टीम हळूहळू बंद. आणि पहिला विंडोजवाला फोन, ल्युमिया, बाजारात यायला वर्षाची अखेर उजाडली. मधल्या काळात जो फोन बंद होणार हे कंपनीच सांगतेय तो दुकानदाराने ठेवायचा कशाला आणि लोकांनी घ्यायचा कशाला? मीगो या लिनक्सवरच्या नव्या सिस्टीमवरचा एन९ फोन त्याच वर्षी आला, बघणाऱ्यांनी कौतुक केलं, पण तोवर त्याचा मार्ग बंद करून झाला होता.

मग चुकलं कुठे? सॉफ्टवेअरमध्ये. सिम्बियनची मुळं जुन्या, कमी मेमरीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये होती, बटणांच्या फोनांसाठी ती छान चालली, पण त्याच्यावर टचस्क्रीन बसवताना जीव जात होता आणि ॲप बनवणारे तर कंटाळले होते. सोबतीला लिनक्सवरची माएमो, मग मीगो अशा आणखी सिस्टीम, वेगवेगळ्या टीम, एकमेकींशी स्पर्धा. पैसा कमी होता असंही नाही, २०१० मध्ये संशोधनावर सुमारे ५.९ अब्ज युरो खर्च झाले, नेटवर्कचा धंदा धरून. तिमो वुओरी आणि क्वी ह्युई या दोन अभ्यासकांनी नोकियातल्या आणि नोकियाशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये पेपर छापला, त्यात निघालं ते असं की वरच्यांना बाजाराची भीती, मधल्या मॅनेजरांना वरच्यांची भीती, त्यामुळे सॉफ्टवेअर वेळेत होणार नाही ही वाईट बातमी वर पोचतच नव्हती. म्हणजे आळस किंवा शिकायची नावड हा रोग नव्हताच, घाबरलेली माणसं खरं बोलत नव्हती. आणि मेसेज काय करतो तर लोकांना अजून घाबरवतो!

अँड्रॉइडचा मुद्दा अर्धा खरा. २०११ मध्ये नाकारलं, बरोबर. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये नोकिया एक्स नावाचे फोन बार्सिलोनात दाखवले ते अँड्रॉइडवरच होते, उशीर झाला तो झालाच. आणि अँड्रॉइड घेतलं असतं तर तरले असते हे कशावरून? एचटीसी ही तैवानची फोन कंपनी अँड्रॉइडच्या पहिल्या दिवसापासून त्याच्यावर, २०१७ मध्ये टीममधला मोठा भाग गूगलला विकावा लागला. एलजीने २०२१ मध्ये फोन बंदच केले.

राहिलं 'संपली'. मायक्रोसॉफ्टने ५.४४ अब्ज युरोंना फोनचा धंदा आणि पेटंटचा परवाना घेतला, कंपनी घेतली नाही. नोकियाने त्याच वर्षी, २०१३ मध्ये, नेटवर्कच्या धंद्यातला सीमेन्सचा अर्धा वाटा विकत घेतला, पुढे २०१६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंट ही नेटवर्कची कंपनी, त्याच्यासोबत बेल लॅब्स ही नावाजलेली संशोधन संस्था. आज ५जी टॉवरवरची यंत्रं बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या मोठ्या कंपन्यांत ती आहे. २०२३ मध्ये लोगोसुद्धा बदलला, कारण लोकांच्या डोक्यात अजून फोनच बसलेला. आणि २०१७ पासून दुकानात त्या नावाचे जे फोन आले ते एचएमडी नावाच्या वेगळ्या फिनिश कंपनीचे, नाव परवान्यावर घेतलेलं. याउलट मायक्रोसॉफ्टला २०१५ मध्ये या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकावे लागले.

ज्यांचं खरंच संपलं ते लोक मेसेजमध्ये कुठेच नाहीत. फिनलंडमधलं सालो गाव नोकियाच्या कारखान्यावर उभं होतं, २०१२ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा कारखाना २००६ मध्ये सुरू झालेला, हजारो कामगार, त्यात खेड्यांतून आलेल्या कितीतरी तरुण मुली. टॅक्सच्या वादात कारखाना अडकला, म्हणून तो मायक्रोसॉफ्टकडे जाऊ शकला नाही आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. सिम्बियन ठेवायचं का सोडायचं हे त्यांच्यातल्या कुणालाही कुणी विचारलेलं नव्हतं.