डिप्लॉयमेंटची आज्ञा वेगळी का हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

रेपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) डिप्लॉयमेंट, म्हणजे कोड सर्व्हरवर नेऊन चालू करण्याचे काम, सुरू करणाऱ्या कमांड-लाइन (आज्ञा टाइप करून चालवायच्या) साधनावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) कोड मर्ज झाला, म्हणजे मिसळला गेला, की तो आपोआप सर्व्हरवर जाण्याची सोय असताना माणसाने आज्ञा देण्याची पायरी पुन्हा आणणे म्हणजे मागे जाणे होय, असा आपला मुख्य आक्षेप आहे. ती पायरी हवीच असेल तर कर्ल या वेब-विनंत्या पाठवणाऱ्या साधनाची छोटी स्क्रिप्ट पुरेशी आहे, असे आपण पुढे म्हणता. आणि प्रत्येकाच्या संगणकावर प्रॉडक्शनची (वापरकर्त्यांसाठीच्या चालू सेवेची) किल्ली ठेवण्यातला धोकाही दाखवून देता.

मर्ज आणि डिप्लॉयमेंट हे दोन वेगळे निर्णय आहेत, असे माझे ठाम मत आहे. मर्ज करताना आपण एवढेच ठरवतो की हा बदल योग्य आहे आणि इतरांनी पुढचे काम यावर करावे. डिप्लॉयमेंट करताना मात्र चालू सेवेत तो बदल या क्षणी आणायचा की नाही, हे ठरवायचे असते. हे दोन्ही निर्णय एकाच वेळी घेता येत असतील, चाचण्या भरवशाच्या असतील आणि बदल लहान असतील, तर आपली स्वयंचलित पद्धतच उत्तम आहे, आणि तिथे मीही तीच सुचवीन. पण डेटाबेसमधील मोठे टेबल बराच वेळ लॉक करणारे मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल) असेल, किंवा दोन सेवा ठरावीक क्रमानेच बदलायच्या असतील, तेव्हा मर्जची वेळ आणि डिप्लॉयमेंटची वेळ एक असून चालत नाही. सेवा कोलमडलेली असताना तर हा फरक फारच जाणवतो: रिव्हर्ट कमिट (आधीचा बदल उलटवणारी कोडमधील नोंद) करा, त्याला मंजुरी मिळवा, सर्व चाचण्या पुन्हा चालू द्या, या साखळीपेक्षा आधी नीट चाललेल्या कमिटचा हॅश (त्याची एकमेव ओळखखूण) देऊन तोच पुन्हा डिप्लॉय करणे केव्हाही जलद असते. (बदललेला डेटा त्यामुळे पूर्ववत होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.)

आता कर्लविषयी. गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या डिप्लॉयमेंट एपीआयला (प्रोग्रॅमकडून विनंत्या घेणाऱ्या सोयीला) एक विनंती पाठवायची, एवढेच काम असते तर आपले म्हणणे मी तत्काळ मान्य केले असते. पण त्या एपीआयमध्ये ‘ऑटो मर्ज’ हा पर्याय मुळातच चालू असतो. आपण सांगितलेली ब्रँच मुख्य ब्रँचच्या मागे पडलेली असेल, तर गिटहब आधी मुख्य ब्रँच तिच्यात मर्ज करते आणि २०२ हा संकेतांक परत पाठवते. त्या वेळी डिप्लॉयमेंट तयार झालेलेच नसते; ते तयार झाल्यावर मिळणारा संकेतांक २०१ आहे. उत्तर दोनशेच्या घरातले आहे एवढेच पाहणारी स्क्रिप्ट ‘काम झाले’ असे छापून मोकळी होते, आणि सर्व्हरवर जुनाच कोड चालत राहतो. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला (दोन बदलांचा मेळ बसला नाही), किंवा त्या कमिटवरील तपासण्या उत्तीर्ण नसल्या, तर ४०९ येतो, आणि दोन्हींवरचा उपाय पूर्णपणे वेगळा असतो. शिवाय २०१ मिळाल्यानेही काम संपत नाही, कारण गिटहब आपल्या सर्व्हरला स्वतः हात लावत नाही. ते फक्त नोंद करते आणि वेबहुकद्वारे (आपोआप जाणाऱ्या वेब-सूचनेने) कळवते. प्रत्यक्ष काम करणारी यंत्रणा निराळी असते आणि ती यशाची वा अपयशाची स्थिती त्याच नोंदीवर लिहिते. ती अंतिम स्थिती येईपर्यंत थांबणे आणि अपयश आले तर शून्याहून वेगळा एक्झिट कोड (संपताना दिला जाणारा आकडा; शून्य म्हणजे यश) देणे, हे साधनाचे खरे काम आहे. हे सारे स्क्रिप्टमध्येही लिहिता येते. पण तोपर्यंत त्या स्क्रिप्टचेच साधन झालेले असते.

गिटहब अ‍ॅक्शन्समधील ‘वर्कफ्लो डिस्पॅच’चे, म्हणजे गिटहबवरील स्वयंचलित काम हाताने सुरू करण्याचे, बटणही आपण सुचवले आहे. त्याला संदर्भ म्हणून ब्रँचचे किंवा टॅगचे (एखाद्या कमिटला लावलेल्या खुणेचे) नाव लागते. कमिटचा हॅश द्यायचा तर तो वेगळे इनपुट म्हणून घ्यावा लागतो. ब्रँच हा सरकणारा निर्देशक आहे, आणि आपण तपासलेला कोड व बटण दाबताना त्या नावाखाली असलेला कोड यांच्यामध्ये एखाद्या सहकाऱ्याचा पुश (नव्या कोडची भर) येऊन गेलेला असू शकतो. म्हणून साधन आधी नावाचा पूर्ण हॅश काढते, तो दाखवते, संमती घेते आणि विनंतीत नावाऐवजी तो हॅशच पाठवते.

किल्लीबद्दलची आपली काळजी कॅपिस्ट्रानोसारख्या डिप्लॉयमेंट साधनांबाबत रास्त आहे, कारण ती आज्ञा देणाऱ्याच्या संगणकावरून एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीने) थेट सर्व्हरवर जातात. माझ्या साधनात संगणकावर असते ते डिप्लॉयमेंटपुरती परवानगी दिलेले टोकन (मर्यादित अधिकाराची डिजिटल किल्ली). त्याने कोड पुश करता येत नाही आणि सर्व्हरवर लॉगिनही करता येत नाही. ते चोरीला गेले तर नको असलेले डिप्लॉयमेंट सुरू होऊ शकते, हा धोका उरतोच, म्हणून टोकनला मुदत असावी आणि प्रॉडक्शनसाठी दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी सक्तीची करावी.

तपासण्या वगळण्याचा पर्याय काढूनच टाकावा, ही आपली शेवटची सूचना. एपीआयमध्ये आवश्यक तपासण्यांची यादी रिकामी पाठवली की त्या वगळल्या जातात, आणि चाचण्या चालवणारी यंत्रणाच बंद पडलेली असताना तातडीची दुरुस्ती पोहोचवण्याचा तोच मार्ग असतो. म्हणून तो पर्याय मी ठेवणार आहे. मात्र कारण लिहिल्याशिवाय साधन तो स्वीकारणार नाही, आणि ते कारण डिप्लॉयमेंटच्या वर्णनात सर्वांना दिसेल असे नोंदवले जाईल, एवढा बदल आपल्या सूचनेमुळे पुढच्या आवृत्तीत करत आहे.