पहिला फ्लॅश : कॅननचाच की गोडॉक्सचा?

प्रश्न धाकट्याचा. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबतची किट लेन्स, बारशी-मुंजीचे फोटो काढायचे आहेत. फ्लॅश कॅमेऱ्याच्या कंपनीचा, म्हणजे कॅननचाच घ्यावा, की गोडॉक्ससारख्या बाहेरच्या कंपनीचा?

"गोडॉक्सचा टीटी६०० घे," दादानं लगेच सांगितलं. "१/१ म्हणजे पूर्ण ते १/१२८ पॉवर, लांबून उडवायला आत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. उरलेल्या पैशांत सेल, चार्जर, छत्री सगळं येईल."

अण्णांनी तिथंच अडवलं. "अरे, १५००डीच्या हॉट शूला, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिनच नाही! ३०००डी आणि २००डी मार्क टूलाही नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश, म्हणजे पॉवर हातानं ठरवायचा, त्या पिनच्या इशाऱ्यावर उडतो. टीटी६०० शूमध्ये नीट बसेल, तयार असल्याचा दिवाही लागेल, पण फोटो काढताना उडणार नाही. फ्लॅशमध्ये बिघाड नसताना लोक तो बदलायला दुकानात नेतात."

"म्हणजे कंपनीचाच," ताई म्हणाली.

"तसंही नाही. या कॅमेऱ्यांवर सगळा निरोप बाजूच्या बारीक टोकांतून जातो. ती टोकं वापरणारा टीटीएल फ्लॅश हवा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजणीप्रमाणे झोत आपोआप कमी-जास्त करणारा. गोडॉक्सचा टीटी६८५ टू घ्यायचा तर 'सी' अक्षराचा, म्हणजे कॅननसाठीचा. फर्मवेअर, म्हणजे फ्लॅशच्या आतलं सॉफ्टवेअर, ताजं करून घे आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस."

दादा हटेना. त्याचं म्हणणं, टीटी६०० स्टँडवर लावायचा, मोड एस२ ठेवायचा (एस१ आणि एस२ या मोडमध्ये फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशचा झोत दिसला की उडतो) आणि कॅमेऱ्यातल्याच पॉपअप फ्लॅशनं तो उडवायचा. टीटीएलमध्ये पॉपअप आधी एक बारीक चाचणी-झोत टाकतो, तो एस२ सोडून देतो. एस१वर मात्र फ्लॅश त्या झोतालाच उडून मोकळा होतो. हे बरोबर आहे आणि घरात चालतं. पण भर उन्हात, किंवा मध्ये माणसं आली की टीटी६००च्या सेन्सरला झोत दिसत नाही. बारशात पाहुणे मध्ये येणारच.

मग ताकदीवरून जुंपली. ताईचं म्हणणं, टीटी६००चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला एफ-आकड्यानं भागलं की झोत किती लांब पोचतो ते कळतं) ६० आणि निकॉनच्या एसबी-७०० फ्लॅशचा २८, मग महागडं कशाला? इथे पुष्कळ जण फसतात. ६० हा आकडा २०० मिमी झूमचा आहे, २८ हा ३५ मिमीचा; दोन्ही आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००ला आणि मीटरमध्ये. झोत अरुंद केला की आकडा फुगतोच. ६० भागिले एफ/८ म्हणजे साडेसात मीटर, तेही सरळ तोंडावर. झोत छतावर आपटवून परत आणला, म्हणजे बाउन्स केला, की सहज दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड पाव उरतो; रंगीत छत असेल तर रंगही चढतो. आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो, हे लक्षात ठेवलं तर ताकदीचा निम्मा वाद मिटतो.

कंपनीची बाजू अण्णांनीच मांडली. कॅमेरा आणि फ्लॅशमधली टीटीएलची भाषा बाहेरच्या कंपन्या अभ्यासानं उलगडतात. नवा कॅमेरा आला की त्यांना फर्मवेअर बदलावं लागतं. तोवर फोटो जास्त उजळ किंवा काळपट येऊ शकतात. रोज कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून टीटीएलवर काम करणाऱ्यानं कंपनीचे पैसे मोजावेत. मात्र नाव बघून निर्धास्त होऊ नये: कॅननचा ईएल-५ फ्लॅश फक्त नव्या कॅमेऱ्यांच्या मल्टिफंक्शन शूवर चालतो, १५००डीवर नाही.

दुसरा फ्लॅश लागणार असेल, तर माझं मत गोडॉक्सच्या बाजूनं. पुढे निकॉनचा कॅमेरा घेतला तरी फक्त गोडॉक्सचा निकॉनसाठीचा ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून रेडिओनं फ्लॅश उडवणारं यंत्र, घ्यायचा. कॅननसाठीचा टीटी६८५ टू त्या ट्रिगरचा इशारा घेणारा रिसीव्हर म्हणून टीटीएलसकट चालतो.

दुकानात काय तपासायचं, यावर मात्र एकमत झालं. टीटीएलवर एकाच भिंतीचे लेन्सचं छिद्र एफ/४, एफ/५.६, एफ/८ असं बदलत फोटो घ्यायचे. उजेड सारखाच यायला हवा. हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवून घेण्याची सोय) चालू करून शटर १/१००० सेकंद ठेवायचं. काळा पट्टा आला तर सिंक होत नाही. मग पूर्ण पॉवरवर पाच-सहा वेळा उडवून पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, तेही निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल घालून. अल्कलाइन सेलवर चांगला फ्लॅशही लवकर मंदावतो. पूर्ण पॉवरवर सलग तीस झोतांनंतर दहा मिनिटं विश्रांती द्यायची, नाहीतर ट्यूब आणि पुढची प्लास्टिक काच भाजते.

"आणि बिघडला तर घरी उघडू नकोस," अण्णा उठता उठता म्हणाले. "सेल काढले तरी कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात."