चाळीस थेंब रक्ताचा हिशेब मुळातच चुकीचा आहे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ज्याला संबंध ठेवताना अडचण येत नाही त्या पुरुषात दोष नसतो, म्हणून मूल होत नसेल तर आधी बायकोच्या तपासण्या करा. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं, तेव्हा तीन महिने ब्रह्मचर्य पाळून ते साठवा, घट्ट होईल. तरीही जोर कमी वाटला तर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्यतपासणी करते. या मेसेजची किंमत कोण मोजतं ते मला काउंटरवर दिसतं, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. संबंध ठेवता येणं आणि वीर्यात शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसबंदी झालेला माणूस आठवा. त्याचा संसार पूर्वीसारखाच चालतो, वीर्यही दिसायला तेवढंच येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. नसबंदी न झालेल्या पुरुषांतही साधारण शंभरात एकाच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही, आणि त्याला स्वतःला ते कळायला काही मार्ग नसतो. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे डीबीसीपी हे कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच हल्ली मूल झालेलं नाही. तपासलं तेव्हा बऱ्याच जणांचा काउंट, म्हणजे वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या, शून्य किंवा अगदी कमी निघाला. धडधाकट, कष्टाची कामं करणारी माणसं होती ती.

आमच्याकडे मध्यंतरी एक जोडपं आलं, लग्नाला सहा वर्षं झालेली. बाईंच्या हातातली फाईल वीतभर जाड: सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, भूल देऊन केलेली दुर्बिणीची तपासणी. सगळं नॉर्मल. नवऱ्याची ही पहिलीच तपासणी. स्लाइडवर काहीच दिसेना, म्हणून सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पुन्हा पाहिला. तिथेही काही नाही. जी तपासणी एका डबीत आणि तासा-दोन तासांत होते, ती सहा वर्षांनी झाली होती. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. म्हणून दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू व्हायला हव्यात.

आणि शून्य काउंट म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शुक्राणू तयार होत असतील पण वाट बंद असेल, तर ते सुईने काढून थेट स्त्रीबीजात सोडता येतात. शुक्राणू असे थेट बीजात सोडून १९९२पासून मुलं जन्माला येत आहेत.

आता रक्ताचे थेंब. वीर्याचा बराचसा भाग, साधारण दोन तृतीयांश, शुक्राशय नावाच्या ग्रंथींतून येतो आणि उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भाग, बस. त्यामुळे घट्टपणावरून काउंट ओळखता येत नाही. उलट तासाभरातही पातळ न होणाऱ्या सॅम्पलची आम्ही रिपोर्टमध्ये नोंद करतो, कारण त्यात शुक्राणूंना पोहायला त्रास होतो. वीर्य गेल्याने रक्त कमी होत नाही, अशक्तपणाही येत नाही. झोपेत वीर्य गेलं म्हणून घाबरून पैसे उधळणारी विशीतली मुलं पाहिली की जीव तुटतो.

साठवण्याचंही तसंच. फार दिवस थांबलं तर आकडा थोडा वाढतो, पण हालचाल मंदावते आणि आतल्या डीएनएची मोडतोड वाढते. शिवाय बाईच्या दर महिन्याच्या चक्रात गर्भ राहण्याचे दिवस सहाच, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. तीन महिने ब्रह्मचर्य म्हणजे अशा तीन संधी हातच्या घालवणं. त्या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध असावा.

मेसेजमधला तीन महिन्यांचा आकडा मात्र दुसऱ्या अर्थाने खरा आहे. एक शुक्राणू घडून बाहेर यायला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणून आज तंबाखू सोडली तर फरक पुढच्या आठवड्यात दिसणार नाही. दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. एका खराब रिपोर्टवर खचू नका, तपासणी पुन्हा करा.

इंजेक्शनांबद्दल तर हात जोडून सांगते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना पाठवायचे निरोप थांबवते, आणि शुक्राणू बनणं बंद पडत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. त्यातल्या १५७ जणांचा काउंट शून्यावर आला, आणि पुढच्या वर्षभरात त्यांच्या जोडीदारांपैकी फक्त एकीला दिवस गेले. मूल हवं म्हणून जिममध्ये कुणी हे टोचून घेत असेल तर तो नकळत गर्भनिरोधक घेतोय. बंद केल्यावर काउंट बहुतेकांचा परत येतो, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळा, त्याहून जास्त नको. सॅम्पल घरून आणणार असाल तर डबी लॅबमधूनच न्या, अंगाजवळ, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा आणि तासाभरात पोचवा. आणि ती स्वतः आणून द्या. पदराखाली डबी धरून रांगेत उभी राहिलेली बायको मी फार वेळा पाहिली आहे.