गोल किती विचारता, तर मॅच किती तेही विचारा

परवा भाचीनं विचारलं, "आत्ती, आपल्या बायकांच्या फुटबॉल लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे?" मी सांगितलं, फाझिला इक्वापुट. युगांडाची. 2024-25 मध्ये गोकुलम केरळा क्लबकडून 24 गोल. "आणि आपल्यातली?" सौम्या गुगुलोथ, ईस्ट बंगालची, 9 गोल. पोरगी गप्पच झाली. मग म्हणाली, "एवढा फरक?"

हा फरक दिसला की लोक लगेच म्हणतात, परदेशी खेळाडू बंद करा. मला हे अजिबात पटत नाही.

इंडियन विमेन्स लीग ही ती लीग. तिच्या पहिल्या तिन्ही मोसमांत गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, मणिपूरच्या बायकांनी नेला. आधी कमला देवी, मग दोनदा बाला देवी. 2018-19 ला लुधियानात बालानं मणिपूर पोलीसकडून 26 गोल मारले आणि पुढच्या जानेवारीत ती स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडं गेली. त्यानंतर 2024-25 पर्यंत झालेल्या प्रत्येक मोसमात सर्वाधिक गोल परदेशी खेळाडूचेच आहेत. नेपाळची सबित्रा भंडारी दोनदा, घानाची एल्शदाई अचेम्पाँग एकदा आणि फाझिला दोनदा.

आता मॅचेस मोजा. 2022-23 ला अहमदाबादेत सबित्राचे 29 गोल झाले, तेव्हा गोकुलमनं फायनल धरून 10 मॅचेस खेळल्या. चार आठवड्यांच्या आत सगळी लीग संपली. सबित्रा पुढं फ्रान्समध्ये गॅंगाँ क्लबकडून खेळली, त्यामुळं तिच्या कसाबद्दल शंकाच नको. पण एवढ्या थोड्या मॅचेसमध्ये एवढे गोल होतात, तेव्हा समोरचे बचाव किती कच्चे होते हेही दिसतं. 2023-24 ला होम-अवे पद्धत आली, म्हणजे प्रत्येक संघाशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर मॅच, हे फार चांगलं झालं. तरीही 2024-25 ला 8 संघ होते, म्हणजे एका संघाच्या वाट्याला 14 मॅचेस. राष्ट्रीय लीगमध्ये वर्षाला 14!

क्लबच्या जागी बसून बघा. चौदा मॅचेसमध्ये लीग जिंकायची किंवा निदान लीगमध्ये टिकायचं आहे. एकोणीस वर्षांच्या पोरीला नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, उभं करून, तिच्या चार-पाच चुका पोटात घालून, सहाव्या मॅचला ती गोल मारील म्हणून थांबायला वेळ कुणाकडं आहे? तयार स्ट्रायकर आणतात आणि आपली पोरगी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जाते. 2024-25 ला आपल्यातली सर्वाधिक गोल मारणारी सौम्या विंगरच आहे. जुलै 2025 मध्ये चियांग माईला थायलंडला 2-1 हरवून भारत आशियाई कपसाठी पात्र ठरला, तेव्हा दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतली. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू. पण गोलकडं पाठ करून बॉल अडवणारी, वळून मारणारी आपली पुढची बाला कुठं तयार होतेय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

फाझिलाला काढून ती तयार होणार नाही. उलट अशा स्ट्रायकरशी दर आठवड्याला झुंजूनच आपल्या डिफेंडर शिकतात. पोरींना मॅचेस पाहिजेत. जिल्ह्यात पाहिजेत, राज्यात पाहिजेत, बारा वर्षांच्या वयापासून पाहिजेत.

माझी भाची स्ट्रायकर आहे. वहीच्या शेवटच्या पानावर गोल मांडते, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. गेल्या वर्षीच्या पानावर 11 गोल आहेत. मी विचारलं, मॅचेस किती? पाच. अख्ख्या वर्षात पाच! बाकी सगळी प्रॅक्टिस. आणि हे कोल्हापुरात, जिथं शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते. एफसी कोल्हापूर सिटीच्या पोरी याच राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आल्यात, म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

प्रत्येक तालमीनं मुलींचा एक संघ उतरवावा, एवढंच माझं मागणं आहे. आठ संघ झाले आणि दोनदा-दोनदा खेळले, तर भाचीलाही चौदा मॅचेस मिळतील. जर्सीचा खर्च काढायला मी दारोदार फिरायला तयार आहे. तालमीतलं कुणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये नंबर टाका, या रविवारीच येऊन भेटते.