आढावा, बाणांसकट

गेल्या आठवड्यात संशोधन सल्लागार समितीसमोर माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या लिखाणाचा आढावा (रिव्ह्यू), झालं. झालं म्हणजे मी बोलले आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्या प्रकरणावर चहाचा कप ठेवला. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. कोयता, उचल, मुकादम यांवर आधी कोणी काय लिहिलंय ते मी सांगत होते. तेवढ्यात त्यांनी कप उचलला, खाली काहीतरी छापलंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारलं, "हा रिव्ह्यू कुठल्या टाइपचा?"

"नॅरेटिव्ह, सर."

"हल्ली सिस्टिमॅटिक चालतो. करून टाका." कप परत जागेवर.

करून टाका! भाजीत मीठ टाका म्हणावं तसं. आमचे मार्गदर्शक माझ्याकडे न बघता मान हलवत होते.

डाग पडलेली पानं पुन्हा काढायला गेटासमोरच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सिस्टिमॅटिक सांगितला ना? यंदा सगळ्यांना तोच सांगतायत. मागं सगळ्यांना आकडेवारीचं ते सॉफ्टवेअर, एसपीएसएस, सांगायचे."

मी गप्प.

"सोपं असतंय मॅडम. नॅरेटिव्ह म्हणजे आपल्याला जे वाचावंसं वाटलं ते वाचून लिहायचं. सिस्टिमॅटिक म्हणजे तेच, पण बाणांसकट." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वरच्या चौकोनात 'सापडले', बाजूला 'वगळले', तळाला 'उरले'. "चौकोन माझ्याकडं तयार आहेत, आकडे तेवढे तुम्ही सांगा. बेरीज मात्र जुळली पाहिजे. एका सरांचे सापडले त्याच्यापेक्षा उरले जास्त होते. गाइडनं सही केलेली. मी पकडलं."

"काका, आधार कार्ड लॅमिनेट करायचंय," मागून एक मुलगा म्हणाला.

"थांब रे, मॅडमचा रिव्ह्यू चाललाय. तर मॅडम, मी म्हणतो स्कोपिंग करा. ह्या विषयात काय काय झालंय, कुठं मोकळी जागा आहे, एवढं फिरून बघायचं. अभ्यास चांगला का वाईट हे त्यात बहुतेक तपासत नाहीत. आपल्याकडं सोयीचं."

"आणि मेटा-अ‍ॅनालिसिस?" मी चिडून विचारलं.

"त्याला आकडे लागतात. दहा जणांनी एकच गोष्ट मोजलेली पाहिजे, मग त्यांचे आकडे एकत्र करायचे. तुमच्या विषयात दहा जणांनी एकच गोष्ट मोजलीय?"

"नाही."

"मग राहू द्या. अम्ब्रेलाबी राहू द्या. तो रिव्ह्यूंचा रिव्ह्यू. आधी रिव्ह्यू तर पाहिजेत."

संताप याचा की माणूस फारसा चुकत नव्हता. ग्रँट आणि बूथ या अभ्यासकांनी 2009 मध्ये आढाव्यांचे चौदा प्रकार मोजले. त्यातले निम्मे काकांनी लॅमिनेशन मशीन तापेपर्यंत निकालात काढले असते. समितीतल्या कुणी एक तरी समजावला असता तर मी पेढे वाटले असते.

सिस्टिमॅटिक आढावा मुळात वाईट नाही. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1979 मध्ये डॉक्टरमंडळींना सुनावलं होतं की आपल्या शाखेतल्या उपचारांच्या चाचण्यांचा नीट, चिकित्सक सारांश तुम्ही वेळोवेळी काढत नाही. औषधांच्या बाबतीत हे मान्य. तिथे सोयीचे तेवढेच अभ्यास निवडले तर रोगी मरतो. म्हणून प्रश्न आधी ठरवा, निकष आधी लिहा, कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधलं ते सांगा. असा आढावा कसा मांडावा हे सांगणाऱ्या प्रिस्मा 2020 ची यादीच 27 कलमांची.

पण मी शोधू कुठे? आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची वर्गणी वर्तमानपत्रांपाशी संपते. इंग्रजी डेटाबेसमध्ये 'ऊसतोड' टाकलं की शून्य. रोमन लिपीत टाकायचं तर स्पेलिंग यूने की डबल ओने, इथपासून सुरुवात. माझ्या विषयावरचं खरं लिखाण संघटनांच्या पत्रकांत, दिवाळी अंकांत, साखरशाळांच्या अहवालांत आणि सरकारी समित्यांच्या सायक्लोस्टाइल पानांत पडलंय. पद्धतशास्त्रात त्याला 'ग्रे लिटरेचर' असं रुबाबदार नाव आहे, आणि ते घ्यायला मनाईही नाही. फक्त ते आणायला बीडपासून कोल्हापूरपर्यंत स्वतः जावं लागतं, आणि रजा मागितली की प्राचार्य विचारतात, "रिव्ह्यू घरी बसून होत नाही का?" मग शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, बघावं तर प्रबंधामागून प्रबंधात दुसरं प्रकरण तसंच: अमुक यांनी 2004 मध्ये असे म्हटले, तमुक यांनी 2005 मध्ये तसे म्हटले. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. ते सगळे पास झाले. त्यांना कुणी टाइप विचारला नसावा.

शिवाय नियम असा की सापडलेले लेख दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायचे. मार्गदर्शकांना वेळ नाही. म्हणून रविवारी आमच्या ह्यांना बसवलं. हे वीज मंडळात असतात. निकषांचा कागद हातात आला तसा गडी खुलला. मॅच चालू असताना एका हाताने शेंगदाणे खात ह्यांनी ढीगच्या ढीग वगळला. वगळलेल्यांत माझाही एक लेख निघाला. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पद्धत स्पष्ट नाही.'

दोघांत मतभेद झाला तर तिसऱ्याने निकाल द्यावा, अशी तरतूद आहे. घरात तिसऱ्या सासूबाईच आहेत. लेख त्यांच्याकडे दिलाय, चष्मा सापडला की वाचते म्हणाल्यात.