काटापट्टीचा डेटा आणि नागपूरची प्रत: एका आक्षेपाला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या नोंदी नागपूरच्या सर्व्हरवर असिंक्रोनस (तिथे पोचल्याची वाट न बघता, मागाहून) पाठवणं म्हणजे शेतकऱ्याच्या काटापट्टीशी, त्याच्या कापसाच्या वजनाच्या पावतीशी, खेळ आहे. मशीन जळालं तर न पोचलेल्या पट्ट्या गेल्या. म्हणून सगळं सिंक्रोनस करा (प्रतीचा होकार आल्यावरच नोंद पक्की), लाईन वेगवान घ्या.

काळजी रास्त आहे. त्या पट्टीवर एका घराचं वर्षभराचं उत्पन्न असतं. पण उपाय मला पटत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिंक्रोनस प्रत दिसेनाशी झाली की कमिट (नोंद पक्की करणं) अडून बसतं, त्याला मुदत नसते. दिवाळीनंतर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत आणि नागपूरची लाईन तुटली, तर काटाच बंद. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं सेमी-सिंक (प्रतीच्या पोचपावतीसाठी थांबण्याची पद्धत) मूळ सेटिंगवर १० सेकंद थांबतं आणि मग आपोआप असिंक्रोनस होतं. म्हणजे हमी हवी तेव्हाच ती नसते.

अंतराचा तर प्रश्नच नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, नागपूरची ये-जा दोनेक मिलिसेकंदांतही आटोपते. अडतं ते अपलोडमध्ये. समजा अपलोड १ एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला १२५ केबी. भर गर्दीत वॉल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही, हीच प्रतीकडे पाठवायची असते) सेकंदाला ३०० केबीने तयार होतोय. दर तासाला ६३० एमबी तुंबतो. पाच तासांच्या गर्दीचा साठा काटा बंद झाल्यावर उपसायला सात तास लागतात. रात्र पुरते, पण जेमतेम.

म्हणून आधी वॉलच कमी करा. गाडीचे फोटो डेटाबेसमध्ये कोंबू नका, वेगळे पाठवा. चेकपॉइंटनंतर (बदललेला डेटा मूळ फाइलींत उतरवण्याचा टप्पा) डेटाबेसचं प्रत्येक पान पहिल्यांदा बदललं की ८ केबीचं अख्खं पान वॉलमध्ये जातं, तेव्हा दोन चेकपॉइंटमध्ये जास्त वेळ ठेवा आणि वॉल कॉम्प्रेशन चालू करा. रेप्लिकेशन स्लॉट (प्रत कुठवर पोचली याची मुख्य सर्व्हरवरची खूण) न पोचलेला वॉल राखतो, पण डिस्क भरेपर्यंत राखत जातो. पोस्टग्रेसच्या २०२० मधल्या १३व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते, ती घालाच. मर्यादा ओलांडली तर नागपूरची प्रत नव्याने उभारावी लागेल, पण काटा चालू राहील.

आता मशीन जळण्याचं. सिंक्रोनस प्रती आवारातच ठेवा, लॅनवर, दोन. दोन्हींपैकी एकीने होकार दिला की कमिट व्हावं, ही सोय १०व्या आवृत्तीपासून आहे. जिनिंगला आगी लागतात, तेव्हा त्यातली एक गोदामापासून लांबच्या ऑफिसात, वेगळ्या यूपीएसवर असू द्या. नागपूरची प्रत असिंक्रोनसच राहील, अख्खं आवार गेलं तर उपयोगी पडेल.

एका जागी मात्र तुमचा आग्रह मी जसाच्या तसा घेतो: चुकारे, म्हणजे शेतकऱ्यांना कापसाचे पैसे देणं. बँकेला यादी जाण्याआधी त्यातली प्रत्येक नोंद नागपूरच्या डिस्कवर उतरलेली असली पाहिजे. वॉल कुठवर पोचला हे मुख्य सर्व्हरच सांगतो. तो टप्पा यादीतल्या शेवटच्या नोंदीच्या पुढे गेल्याशिवाय प्रोग्रामने यादी सोडू नये.